थीम निवडताना डेमो नंतर बघा, आधी त्यात ‘गुऱ्हाळ’ टाईप करा

माझा मामा रिटायर झाल्यापासून किल्ल्यांवरच्या पाण्याच्या टाक्यांबद्दल लिहितो. आधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा, ग्रुपवाले वैतागले आणि मग वेबसाईट करून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. डोमेन, होस्टिंग, वर्डप्रेस (साईट चालवायचं सॉफ्टवेअर) टाकणं हे एका दुपारीत उरकलं, थीमनं, म्हणजे साईट दिसेल कशी ते ठरवणाऱ्या तयार साच्यानं, मात्र तीन रविवार खाल्ले. म्हणून हे लिहून ठेवतोय, कुणाचा एखादा रविवार तरी वाचेल.

पहिली चूक म्हणजे डेमो बघून पैसे भरले. डेमोत धुक्यातला डोंगर, त्यावर इंग्लिशमध्ये लांब लांब मांडलेली कॅपिटल अक्षरं, एकदम मॅगझिनसारखं. मामाचा लेख टाकला आणि मथळ्यातली शिरोरेषा अक्षराअक्षराला तुटली. मामा चष्मा वर करून म्हणाला, “अरे, दात पडल्यासारखं दिसतंय हे.” त्याचं बरोबरच होतं. इंग्लिश अक्षरं मुळातच सुटी असतात, त्यांच्यात फट वाढवली की ती ऐटबाज दिसतात, आपली अक्षरं वरच्या रेघेला लटकलेली, तिथं फट पडली की शब्दच फुटतो. डिझायनरनं थीम केली तेव्हा त्याच्यासमोर मराठी नव्हतीच. आणि तो कॅपिटलचा रुबाब? देवनागरीत कॅपिटल नसतातच, म्हणजे डेमोतलं अर्धं सौंदर्य आपल्याला लागूच होत नाही.

तर आता मी काय करतो ते सांगतो. थीम बघायच्या आधी साईटवर आपलाच एक खराखुरा लेख टाकतो, मथळा चांगला लांब, दोन उपमथळे, एक फोटो, एक यादी. आणि लेखात मुद्दाम एक विचित्र ओळ घुसवतो: गुऱ्हाळ, तऱ्हा, वाङ्मय, द्वंद्व, हृदय, कीर्तींची ऊर्मी, ज्ञानेश्वरी, शिल्लक, अ‍ॅल्युमिनियम. मग डॅशबोर्डवर, म्हणजे साईट सांभाळायच्या आतल्या पानावर, अपिअरन्समध्ये थीम्स, आणि आवडलेल्या थीमचा लाईव्ह प्रिव्ह्यू. साईट चालू असली तरी बाहेरच्यांना काही दिसत नाही, बिनधास्त बघा.

त्या ओळीत काय शोधायचं? ‘कीर्तींची’मधली र्तीं नीट बघा, एकाच अक्षरावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार असे तिघं बसलेत, ओळींत जागा कमी असेल तर ते वरच्या ओळीतल्या उकारांना जाऊन भिडतात. ‘गुऱ्हाळ’मधला ऱ्ह नीट जोडला जातोय का, ‘वाङ्मय’मध्ये पाय मोडलेला ङ दिसतोय की जोडाक्षर, तेही बघा. आणि ‘शिल्लक’मध्ये आपला देठाचा श आणि पाकळीचा ल येतोय की हिंदी वळणाचा. तो कळत नाही असं नाही, पण आपल्याकडच्या शाळेत घोटून घेतलेलं वळण डोळ्यात बसलेलं असतं, दुसरं दिसलं की पान परकं वाटतं. निदान मामाला तरी वाटलं.

याचा अर्धा इलाज फुकट आहे. सेटिंग्ज, जनरल, साईट लँग्वेज, तिथं मराठी निवडा. यानं पान मराठीत आहे हे ब्राउझरला कळतं, आणि ज्या फाँटमध्ये मराठी वळणाची अक्षरं वेगळी ठेवलेली असतात तो ती दाखवतो. महिन्यांची नावंही मराठीत येतात. फक्त तारखेचा फॉरमॅट अमेरिकन राहू देऊ नका, ‘मार्च १२’ असं आपल्यात कोण म्हणतं, त्याच पानावर दिवस आधी येईल असं करून टाका. डॅशबोर्डसुद्धा मराठी होतो आणि मग यूट्यूबवरच्या कुठल्याच व्हिडिओशी मेन्यू जुळत नाहीत. ते नको असेल तर आपल्या युजर प्रोफाईलमध्ये भाषा परत इंग्लिश करायची, साईट मराठीच राहते.

आता फाँट. बऱ्याच थीमच्या फाँटमध्ये देवनागरी नसतेच. वर्डप्रेसबरोबर येणारी ट्वेंटी ट्वेंटी-फाईव्ह घ्या, थीम छान साधी आहे, पण तिचा मॅनरोप फाँट फक्त इंग्लिश वगैरे लिप्यांचा. मग मराठी दिसते कशी? तर ज्याच्या त्याच्या मशीनमध्ये जो देवनागरी फाँट असेल तो ब्राउझर उचलतो, विंडोजवर निर्मला किंवा मंगल, अँड्रॉइडवर नोटो, आयफोनवर कोहिनूर. म्हणजे तुम्ही तासभर लॅपटॉपवर सजवलेलं पान वाचणाऱ्याच्या फोनवर भलतंच दिसतं आणि तुम्हाला त्याचा पत्ताच नसतो. त्यामुळे फाँट आपला आपण द्यायचा.

नव्या ब्लॉक थीम्समध्ये, म्हणजे ज्यांचा प्रत्येक भाग एडिटरमध्येच बदलता येतो अशा थीम्समध्ये, हे सोपं झालंय. अपिअरन्समधून एडिटर, मग स्टाईल्स, त्यात टायपोग्राफी. वर्डप्रेस ६.५ पासून, म्हणजे एप्रिल २०२४ पासून, तिथं फाँट लायब्ररी आहे. गुगल फाँट्समधला फाँट थेट तिथून घ्या नाहीतर फाईल डाउनलोड करून अपलोड करा, दोन्हीत तो तुमच्याच साईटवर येऊन बसतो. मजकुरासाठी माझा हात आधी मुक्ताकडे जातो. मुंबईच्या एक टाईप मंडळींनी केलेला, मोफत, आणि त्यातच इंग्लिश अक्षरंही आहेत, त्यामुळे मध्येच ‘जीपीएस’ रोमनमध्ये लिहिलं तरी ते उपरं वाटत नाही. पुस्तकी वळण हवं असेल तर तिरो देवनागरी मराठी बघा, नावातच मराठी आहे आणि ल-श आपले येतात. मामाला तोच आवडला. कलम हा हस्ताक्षरासारखा फाँट फार गोड आहे, पण पूर्ण लेख त्यात लावू नका, तिसऱ्या परिच्छेदाला डोळे दुखतात. थीममध्ये आधीच पॉपिन्स असेल तर त्या कुटुंबात देवनागरी आहे, मथळ्यांना चालून जातो, पण तुमच्या साईटवर त्याची देवनागरी खरंच लोड होतेय ना ते त्या विचित्र ओळीवर तपासा. दोनच्या वर फाँट नकोत, लग्नपत्रिका नाहीये ती.

फाँट लागला की त्याच टायपोग्राफीत आधी ‘टेक्स्ट’ आणि मग ‘हेडिंग्ज’ उघडा. लाईन हाईट, म्हणजे ओळींमधलं अंतर, ट्वेंटी ट्वेंटी-फाईव्हमध्ये १.४ असते, मी मजकुराला १.७५ आणि मथळ्याला १.३५ ठेवतो, त्याखाली गेलं की मात्रा-उकारांची मारामारी सुरू. लेटर स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधली फट, सगळीकडे शून्य, मायनससुद्धा नको. मेन्यू आणि बटणांचं लेटर स्पेसिंग वेगळं दडलेलं असतं, तेही शोधून काढा, मी ते विसरलो होतो आणि ‘मुखपृष्ठ’ महिनाभर फाटकं होतं. परिच्छेदाच्या सुरुवातीचं मोठं अक्षर, ड्रॉप कॅप, बंद करा, जोडाक्षरानं सुरू होणाऱ्या परिच्छेदात ते कधी गंडेल सांगता येत नाही. तिरपी अक्षरं टाळा, बहुतेक देवनागरी फाँटमध्ये खरं इटॅलिक नसतं, ब्राउझर उभी अक्षरं नुसती ढकलून वाकडी करतो. आणि दोन्ही कडा सरळ करायचा मोह होतो, जस्टिफाय, पण आपले शब्द लांब, मोबाईलवर एका ओळीत तीनच शब्द मावतात आणि मधे गल्ल्या पडतात. डावी कड सरळ, बास.

रंगांवर मी फार वेळ घालवत नाही. पांढऱ्यावर फिकट राखाडी ही फॅशन सोडा, मजकूर आणि पार्श्वभूमीत किमान ४.५ ला १ इतका फरक हवा, फुकट कॉन्ट्रास्ट चेकर पाच सेकंदात सांगतात. एक ठळक रंग लिंकला, झालं.

फोटोंचं मात्र थांबून बघा. डेमोत सगळे फोटो आडवे असतात. मामाचा शिवनेरीवरच्या गंगा-जमुना टाक्यांचा फोटो उभा होता, थीमनं तो आडवा कापला आणि राहिला फक्त कातळ, पाणी गायब. आपल्याकडे जसे फोटो आहेत तसेच प्रिव्ह्यूमध्ये टाकून बघा. आणि सगळं झाल्यावर घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर, अक्षरं मोठी करून, साईट उघडा, वाचणारे काका-मामा तशीच वाचणारेत.

थीम इन्स्टॉल करायच्या आधी शेवटचा अपडेट कधी आला ते बघा, वर्षापेक्षा जुना असेल तर मी पुढे जातो. पेड थीम फुकटात देणाऱ्या चॅनलांवरून तर काहीही उचलू नका, त्यात मालवेअर घातलेलं असतं आणि एक दिवस तुमची साईट जुगाराच्या जाहिराती दाखवायला लागते.

आता बदल टिकवायचं. ब्लॉक थीमच्या स्टाईल्समध्ये केलेले बदल डेटाबेसमध्ये राहतात, थीम अपडेट झाली तरी जात नाहीत. जुन्या पद्धतीच्या थीममध्ये फाईल उघडून बदललंत तर पुढचा अपडेट सगळं पुसून टाकतो, तिथं चाईल्ड थीम, म्हणजे मूळ थीमवर बसणारी आपली छोटी वेगळी थीम, करायची किंवा अपिअरन्समधल्या कस्टमायझरमध्ये अ‍ॅडिशनल सीएसएस म्हणून दिसण्याचे नियम लिहायची जागा असते, तिथंच लिहायचं. पण थीमच बदललीत तर दोन्हीकडचे बदल नव्या थीमला लागत नाहीत, म्हणून माझ्याकडे मामाच्या साईटचे सगळे आकडे, फाँटची नावं आणि रंगांचे कोड एका वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेत, त्या विचित्र ओळीसकट.