फिजीच्या बेटावरच्या गावात छोटा धंदा उभा करायचा असेल तर

दर वर्षी कुणी ना कुणी विचारतं: फिजीतल्या एखाद्या बेटावर गावकऱ्यांना छोटा धंदा सुरू करून द्यायचाय, काय काय लागेल? पाठोपाठ त्यांचीच यादी येते. शिलाई मशीन, साबणाचे साचे, मधाच्या पेट्या. हे सगळं राजधानी सुवामध्ये मिळतं आणि त्याच्यावाचून एकाही गावाचा धंदा बुडालेला मी पाहिलेला नाही. बुडतो तो मागणाऱ्याला द्यावं लागतं म्हणून, आणि त्याबद्दल कुणीच विचारत नाही. म्हणून बाकीचं भराभर सांगते आणि तिथे थांबते.

गावात शिरताना

सुवाच्या बाजारातून यंगोनाच्या, म्हणजे ज्याच्या मुळांचं पेय करतात त्या झुडपाच्या, मुळांची जुडी घ्या. गावच्या कारभाऱ्याला, म्हणजे तुरांगा नि कोरोला, आधी निरोप धाडा. पोचल्यावर सेवुसेवू करा: जुडी रीतसर पुढे ठेवून गावात यायची परवानगी मागा. टोपी काढा, गुडघे झाका, रविवारी जाऊ नका. नावं उच्चारानुसार शिका. इंग्रजी अक्षरांतल्या ‘डी’चा उच्चार तिथे ‘न्द’ होतो, म्हणून नकाशावरचं कदावू बेट बोलण्यात कांदावू असतं. आपल्याला देवनागरीत ते बोलतात तसंच लिहून ठेवता येतं.

कल्पना कुणाची?

तुमची नको. तानोआभोवती, म्हणजे यंगोना कालवायच्या लाकडी परातीभोवती, बसलेले पुरुष तुमच्या प्रत्येक कल्पनेला मान डोलावतील, कारण पाहुण्याला नाही म्हणायचं नसतं. त्या होकारावर पैसे खर्च करू नका. चुलीपाशी जा, बायकांना विचारा: मागच्या बोटीने गावातून काय गेलं? किती गेलं? कुणी पाठवलं? जे आधीपासून जातंय तेच जरा नीट करून पाठवणं हा सगळ्यांत चांगला धंदा. वातुलेले बेटाची मासी म्हणजे झाडाच्या सालीचं कापड, कांबारा बेटाचे वेसी लाकडाचे तानोआ, कांदावूचा यंगोना यांना नाव मिळालं ते पिढ्यांच्या हातामुळे, कुणी प्रकल्प आणल्यामुळे नाही.

शेड बांधायची किंवा लागवड करायची असेल तर जमीनमालक कुळाची, म्हणजे मतांगालीची, संमती आधी आणि पहिला खिळा नंतर. देशातली सुमारे ८७ टक्के जमीन अशी मूळ फिजीयन लोकांच्या सामाईक मालकीची आहे आणि ती विकता येत नाही.

केरेकेरे: इथे नीट लक्ष द्या

केरेकेरेला उधारी म्हणणं चूक आहे. केरेकेरे म्हणजे हक्काने मागणं. नात्यातल्या माणसाने साखर मागितली, होडीचं इंजिन मागितलं, पोराच्या शाळेसाठी पैसे मागितले तर द्यायचे. उद्या तुम्हाला लागेल तेव्हा तो देईल. नाही म्हणणं लाजिरवाणं. आणि बेटावरच्या गावात नात्याबाहेरचं माणूस शोधूनच काढावं लागतं.

कांदावूवरच्या एका गावात माझ्या पुढाकाराने कॅन्टीन सुरू झालं. गावातल्या किराणा दुकानाला तिथे कॅन्टीन म्हणतात. सांभाळायला गावातली सगळ्यांत हिशेबी मुलगी निवडली. साडेचार महिन्यांनी परत गेले तेव्हा फळीवर माशांचे दोन डबे, मेणबत्त्यांचं एक पाकीट आणि शाळेची एक वही उरली होती. वहीत ३९ नावं होती. प्रत्येक नावापुढे तिने नातं लिहिलं होतं: मामा, आत्याची सून, धाकटे काका. आकडे चोख होते. तिने वही माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, “यातल्या कुणाला नाही म्हणायचं, ते तुम्ही सांगा.” मला सांगता आलं नाही.

त्या मुलीचं काहीही चुकलं नव्हतं. सगळ्या गावापुढे तिला एकटीला नाही म्हणायला मी उभं केलं होतं.

यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘त्यांना नाही म्हणायला शिकवा’. दुसरा, आपल्या लोकांकडून, ‘आज रोख उद्या उधार’ची पाटी लावा. दोन्ही कानाआड करा. आपल्या बाजारपेठेत ती पाटी चालते, कारण दुकानात येणारं बरंचसं गिऱ्हाईक परकं असतं. तिथे ती म्हणजे सख्ख्या मामाच्या तोंडावर दार लावणं. शिवाय केरेकेरे ही खोड नव्हे. फेब्रुवारी २०१६ मध्ये विन्स्टन चक्रीवादळ आलं, पाचव्या श्रेणीचं. ४४ माणसं गेली, कोरो बेटाची तर दैना झाली. अशा वेळी ज्याचं छप्पर उरतं त्याच्या घरात बाकीचे झोपतात, ज्याचा दालो म्हणजे अळकुड्या उरतात त्या सगळ्यांच्या भांड्यात जातात. ही देवाणघेवाण मोडून उभा राहणारा धंदा मला नको आहे. गावाला तर नकोच असतो.

मग करायचं काय? पहिला धंदा गावाला विकायचा नको, गावाबाहेर पाठवायचा हवा. कॅन्टीन ही पायरी फार पुढची. तेल, कोरीव काम, वाळवलेला यंगोना असं बोटीत चढणारं काहीतरी निवडा.

मालकी एकाची नको. गावातल्या प्रत्येक घराण्यातून निदान एक बाई किंवा एक पुरुष गटात हवा. मिळून अंगमेहनत करायची सोलेसोलेवाकीची रीत तिथे जुनीच आहे, गट तिच्यावर बांधा. मागायला येणाऱ्याची स्वतःची बहीण गटात असली की तो मागण्याआधी विचार करतो.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, मागणाऱ्यांसाठी वेगळा डबा ठेवा. खराखुरा, पत्र्याचा. नफ्याच्या दर १० डॉलरमधले २ डॉलर त्यात टाकायचे. केरेकेरे, चर्चची वर्गणी, मयताचा खर्च, सगळं त्यातून. डब्यात असेल तोवर हसतमुखाने द्यायचं. संपलं की झाकण उघडून दाखवायचं. रिकामा डबा दाखवण्यात कुणाचा अपमान होत नाही, देण्याची इच्छा सगळ्यांना दिसलेली असते. हा नियम गटाने सांगायचा नाही, तुम्ही तर मुळीच नाही. गावच्या बैठकीत, यंगोना पिऊन झाल्यावर, वडीलधाऱ्याने सांगायचा. मग तो गावाचा नियम होतो आणि पोरीबाळींच्या डोक्यावरचं ओझं उतरतं. उरलेली रक्कम बँकेत, दोन वेगळ्या घरांतल्या दोघींच्या सहीने. बँक समुद्रापलीकडे आहे ही अडचण समजू नका, पैसा टिकतो तो त्या अंतरामुळेच.

एक इशारा चटयांबद्दल. वोइवोइच्या, म्हणजे केवड्याच्या जातीच्या पानांच्या, चटया सुरेख असतात, पाहुणे पहिलं बोट त्यांच्याकडेच दाखवतात. पण चटई म्हणजे तिथे लग्नात आणि मयतात द्यायचं धन. आमच्या एका गटाने बाहेरच्या मागणीसाठी १८ चटया विणल्या. बोट येण्याच्या आठवड्यात गावात एक म्हातारे गृहस्थ वारले. १५ चटया तिकडे गेल्या, आणि जायलाच हव्या होत्या. त्यानंतर मी मागणी घेतानाच विणकरणींना विचारते की या मोसमात घरात काय काय कार्यं आहेत. कार्य हेही गिऱ्हाईकच धरायचं, तेसुद्धा पहिलं.

किंमत

बोटीचं भाडं, सुवाच्या धक्क्यावरची हमाली, बाटली, झाकण, लेबल, सगळं मांडा. बोट वेळेवर येईल असं धरू नका. नारळ झाडाचा म्हणून फुकट धरू नका: एक लिटर तेलाला १० ते १५ नारळ जातात, आणि तेच सुकं खोबरं करून विकले असते तर काय हाती आलं असतं तो आकडा आधी काढा. तेल त्याच्यापेक्षा जास्त देत नसेल तर बायकांना रात्र रात्र खवायला बसवू नका.

यंगोनाचं पीक हाती यायला ३ ते ५ वर्षं लागतात आणि वादळांचा मोसम नोव्हेंबर ते एप्रिल असा दर वर्षी येतो. तेव्हा सगळी भिस्त त्याच्यावर नको, शेजारी लवकर येणारं काहीतरी हवं.

गटाच्या नोंदणीची घाई करू नका. डबा एकदा रिकामा होऊन पुन्हा भरू दे, एखादी बोट चुकू दे, एखादं मयत होऊन जाऊ दे. त्यानंतरही बायका शेडमध्ये जमत असल्या, तर सहकार खात्याचा अर्ज आणा आणि त्यांच्याच हाताने भरू द्या.