‘ऑक्सिजन लावा’ एवढ्यावर भागत नाही: वॉर्डात होणाऱ्या या चुका टाळा

केस पेपरवर अँटिबायोटिक लिहिताना आपण नाव, डोस, मार्ग, दिवसातून किती वेळा, सगळं लिहितो. त्याच कागदावर ऑक्सिजनची ओळ शोधली तर ‘ऑक्सिजन चालू’ किंवा ‘ऑक्सिजन एसओएस’ (म्हणजे गरज पडली तर) एवढंच सापडतं. कित्येकदा तेही नसतं, कारण राउंडला तोंडी सांगून झालेलं असतं. रात्रपाळीच्या सिस्टरना मग फ्लो (मिनिटाला जाणारे लिटर) किती ठेवायचा, कुठे थांबायचं, डॉक्टरांना कधी उठवायचं, यातलं काहीच कागदावरून कळत नाही. कमी पडण्यापेक्षा जास्त बरा, असं म्हणून त्या फ्लो तसाच ठेवतात किंवा वाढवतात. दोष त्यांचा नाही, ऑर्डरचा आहे. ‘जास्त ऑक्सिजनने काही बिघडत नाही’ ही समजूत चुकीची आहे आणि पुढच्या बहुतेक चुका तिच्यातूनच होतात.

लिटर लिहिणं, लक्ष्य न लिहिणं

ऑर्डर सॅच्युरेशनच्या (रक्तातल्या ऑक्सिजनच्या टक्केवारीच्या) पट्ट्याची हवी. लिटर हे तिथे पोचायचं साधन. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटी या छातीच्या आजारांवरच्या संस्थेने २००८ मध्ये ही पद्धत घालून दिली आणि २०१७ च्या सुधारित आवृत्तीतही ती कायम ठेवली: तातडीच्या आजारातल्या बहुतेक प्रौढांसाठी ९४ ते ९८ टक्के आणि कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असलेल्यांसाठी ८८ ते ९२. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या सोसायटीने सर्वसाधारण रुग्णासाठी ९२ ते ९६ हा पट्टा धरला आहे. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २५ चाचण्यांमधल्या १६,००० हून अधिक रुग्णांची माहिती एकत्र मांडली गेली. त्यात सढळ हाताने ऑक्सिजन दिलेल्या गटात मृत्यू जास्त होते. म्हणून मला ९२ ते ९६ हा पट्टा जास्त पटतो. ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णाचं सॅच्युरेशन ९९ दिसत असेल, तर तो फ्लो कमी करण्याचा निरोप समजावा.

चांगली ऑर्डर दोन ओळींत बसते (नेझल प्रॉन्ग्ज म्हणजे नाकपुड्यांत बसणारी नळी): ‘ऑक्सिजन. लक्ष्य ९२ ते ९६. नेझल प्रॉन्ग्जने २ लिटरपासून सुरुवात, लक्ष्यानुसार कमी-जास्त करावा. दर ४ तासांनी सॅच्युरेशन, श्वासाची गती आणि फ्लो यांची नोंद. ४ लिटरहून जास्त लागला तर ड्युटी डॉक्टरांना लगेच कळवणे.’ यातलं शेवटचं वाक्य सर्वांत मोलाचं आहे. वाढती गरज हीच रुग्ण बिघडत असल्याची खूण असते आणि नुसता फ्लो वाढवत गेलं की ती झाकली जाते.

कार्डियाक अरेस्ट, शॉक, निळा पडलेला, धाप लागलेला रुग्ण समोर असताना मात्र कागदाची वाट बघायची नाही. आधी एनआरबीएम मास्क (पिशवी जोडलेला, भरपूर ऑक्सिजन देणारा), १५ लिटर. स्थिर झाला की लक्ष्य ठरवून ऑर्डर लिहायची.

१०० टक्के बघून निर्धास्त होणं

ही चूक जीव घेते, आणि तीही सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

समजा, साठीच्या एक आजी रात्री धाप लागून आल्या आहेत. सॅच्युरेशन ८२. विडी-सिगारेटची हिस्टरी नाही, म्हणून ‘सीओपीडी’ (श्वासमार्ग अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) कुणीच लिहिलेलं नाही. पण चाळीस वर्षं चुलीपुढे बसून त्यांनी स्वयंपाक केला आहे, हे कुणी विचारलेलंही नाही. एनआरबीएम लागतो, १५ लिटर. दहा मिनिटांत मॉनिटरवर १०० येतात. नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. आजी शांत झोपतात आणि सगळ्यांना बरं वाटतं. पहाटे सिस्टर बीपी घ्यायला जातात तर आजी हाकेला नीट ओ देत नाहीत. तळवे गरम, नाडी टणटणीत, हात पुढे धरले की फडफडतात. एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) केली तर पीएच ७.२१, म्हणजे रक्त आम्लधर्मी झालेलं, आणि कार्बन डायऑक्साइड ८८, म्हणजे नॉर्मलच्या जवळजवळ दुप्पट. सॅच्युरेशन अजूनही १००.

असं का होतं? जुन्या पाठांतरात ‘श्वास घेण्याची प्रेरणाच जाते’ एवढंच असतं. तेही थोडं घडतं, पण मोठा वाटा दुसऱ्या दोन गोष्टींचा आहे. फुप्फुसाच्या ज्या भागात हवा नीट पोचत नाही, तिथल्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, म्हणजे रक्त चांगल्या भागाकडे वळलेलं असतं. भरमसाट ऑक्सिजनने त्या वाहिन्या उघडतात, रक्त पुन्हा निकामी भागाकडे जातं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही. शिवाय ऑक्सिजनने भरलेलं हिमोग्लोबिन कार्बन डायऑक्साइड सोडून देतं. हा हाल्डेन परिणाम.

टास्मानियातल्या एका चाचणीत ॲम्ब्युलन्समध्येच हा फरक मोजला गेला. २०१० मध्ये ती प्रसिद्ध झाली. धाप लागलेले ४०५ रुग्ण. सरसकट जास्त ऑक्सिजन दिलेल्या गटात ९ टक्के मृत्यू, ८८ ते ९२ च्या लक्ष्याने दिलेल्या गटात ४ टक्के. ज्यांची सीओपीडी तपासणीने पक्की झाली होती त्यांच्यात हाच फरक ९ विरुद्ध २ असा होता.

म्हणून चूल, भट्टी, विडी, जुना क्षयरोग, पाठीचं मोठं कुबड, स्नायूंचा आजार, अतिलठ्ठपणा आणि रात्रीचं घोरणं, हे प्रश्न ऑक्सिजन लावताना विचारायचेच. शंका असेल तर ८८ ते ९२ वर ठेवा आणि अर्ध्या ते एका तासात एबीजी करा. कार्बन डायऑक्साइड नॉर्मल निघाला आणि पूर्वी कधी असा साठलेला नसेल, तर लक्ष्य वाढवता येतं. ४५ च्या वर असेल आणि पीएच ७.३५ च्या खाली असेल, तर बायपॅपची (मास्कमधून दाबाने श्वासाला आधार देणाऱ्या यंत्राची) तयारी करा. अशा रुग्णाचा नेब्युलायझरही (औषधाचा फवारा श्वासातून देणारं यंत्र) ऑक्सिजनवर न चालवता हवेच्या कॉम्प्रेसरवर चालवा, आणि तेवढ्या वेळात प्रॉन्ग्जने ऑक्सिजन चालू ठेवा. दिवसभर जपलेलं लक्ष्य नेब्युलायझरच्या ६-८ लिटरमध्ये मोडतं, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

आजींसारख्या रुग्णाचा मास्क घाईने ओढून काढणं ही मात्र दुसरी चूक. फुप्फुसात कार्बन डायऑक्साइड भरलेला असताना ऑक्सिजन एकदम बंद केला, तर सॅच्युरेशन आधीच्या ८२ पेक्षाही खाली जाऊ शकतं. २८ किंवा २४ टक्क्यांच्या व्हेंच्युरीवर (ठरावीक टक्केच ऑक्सिजन देणाऱ्या मास्कवर) उतरवायचं आणि बायपॅप सुरू करायचा.

मास्क एक, फ्लो भलताच

एनआरबीएमवर ५ लिटर ही जोडी वॉर्डावॉर्डात दिसते. पिशवी चिपाडासारखी पडलेली असते आणि रुग्ण स्वतःचीच सोडलेली हवा पुन्हा ओढत असतो. एनआरबीएमला १० ते १५ लिटर लागतात, पिशवी आधी भरून घ्यायची आणि श्वास घेताना ती पूर्ण चपटी होता कामा नये. साध्या मास्कलाही ५ लिटरच्या खाली जायचं नाही. तेवढा नकोच असेल तर प्रॉन्ग्ज लावा. ५ लिटरच्या कॉन्सन्ट्रेटरला (हवेतून ऑक्सिजन काढणाऱ्या यंत्राला) एनआरबीएम जोडणं हा तर निव्वळ भास आहे.

व्हेंच्युरी मास्क स्वस्त आणि गुणी आहे. डॉ. मोरन कॅम्पबेल यांनी १९६० मध्ये तो याच सीओपीडीच्या प्रश्नासाठी मांडला. तरी आपल्याकडे तो कपाटात पडून असतो. त्याच्या व्हॉल्व्हवर टक्केवारी आणि लागणारा फ्लो छापलेला असतो. रंग पाठ करण्यापेक्षा तो आकडा वाचा. रुग्ण मिनिटाला ३० हून जास्त श्वास घेत असेल, तर छापील फ्लो दीडपटीपर्यंत वाढवा. टक्केवारी तीच राहते, फक्त हवा पुरते. आणि थंडीच्या रात्री मास्कच्या बाजूच्या खिडक्यांवर पांघरूण आलेलं नाही ना, तेवढं बघा. त्या झाकल्या की बाहेरची हवा आत येत नाही आणि २४ टक्क्यांचं प्रमाण भलतंच वाढतं.

फ्लोमीटर उभा सरळ असावा आणि आकडा त्यातल्या तरंगणाऱ्या गोळीच्या मध्यावर वाचावा. ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या बबल बाटलीत नळाचं पाणी कधीच नको. कमी फ्लोच्या प्रॉन्ग्जना तर ती बाटली लागतच नाही.

ऑक्सिमीटरचा आकडा म्हणजेच रुग्ण, असं धरणं

गार पडलेली बोटं, नेलपॉलिश, मेंदी, लो बीपी यांनी आकडा बिघडतो. पडद्यावर नाडीच्या लहरी नीट उमटत नसतील तर तो आकडा लिहूच नये. गडद त्वचेवर यंत्र खऱ्यापेक्षा जास्त सॅच्युरेशन दाखवू शकतं, हेही आता नीट माहीत झालं आहे. ९२ च्या आसपास रुग्ण बरा दिसत नसेल तर एबीजी करा.

बंद बाथरूममध्ये गॅस गिझर चालू असताना बेशुद्ध पडलेली व्यक्ती आली, तर ऑक्सिमीटर ९८ दाखवेल आणि तो खोटा असेल, कारण यंत्राला कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन वेगळं ओळखता येत नाही. इथे लक्ष्याचा पट्टा बाजूला ठेवून पूर्ण ऑक्सिजन द्यायचा.

ऑक्सिजनवरचं ९६ हे फ्लो लिहिल्याशिवाय निरर्थक आहे. सकाळी २ लिटरवर ९६ आणि रात्री १० लिटरवर ९६, हे दोन वेगळे रुग्ण आहेत. आणि श्वास पूर्ण मिनिटभर मोजा. चार्टवर प्रत्येकाचे २० श्वास लिहिलेले असतात, ते खरे नसतात.

गरज नसताना लावणं

छातीत दुखतंय, सॅच्युरेशन ९७, तरी प्रॉन्ग्ज लागलेल्या असतात. स्वीडनमध्ये हार्ट ॲटॅकचा संशय असलेल्या ६,६२९ रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०१७) सॅच्युरेशन ९० च्या वर असताना दिलेल्या ऑक्सिजनने वर्षभरातले मृत्यू कमी झाले नाहीत. ‘डॉक्टर, थोडा वाढवा ना,’ असं नातेवाईक हात जोडून म्हणतात तेव्हा नाही म्हणणं जड जातं. पण दोन मिनिटं बसून समजावलं तर ते ऐकतात.

खेड्यापाड्यातल्या दवाखान्यात एक अपवाद पाठच हवा: पॅराक्वाट हे तणनाशक प्यायलेला रुग्ण. ऑक्सिजन या विषाची फुप्फुसावरची आग वाढवतो. सॅच्युरेशन ८५ च्या खाली गेल्याशिवाय द्यायचा नाही आणि ८८ च्या वर गेलं की कमी करायचा. तणनाशकाची बाटली सोबत आणायला सांगा, नाव वाचा, मगच मास्ककडे हात न्या.

सिलिंडरचा हिशेब न करणं

भरलेल्या बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर ऑक्सिजन असतो, जम्बोमध्ये ७,०००. म्हणजे १५ लिटरने बी टाइप जेमतेम १०० मिनिटं पुरतो. काटा अर्ध्यावर असेल तर ५०. सीटी स्कॅनला नेताना जाणं, रांग, लिफ्ट, परत येणं, हे सगळं धरा आणि त्याच्या दुप्पट सोबत घ्या. चावी ट्रॉलीलाच बांधलेली असू द्या. व्हॉल्व्ह उघडून फ्लो हाताला लागतोय हे बघितल्याशिवाय वॉर्डबॉय मामांना ट्रॉली ढकलू देऊ नका. व्हॉल्व्हला तेलकट हात किंवा ग्रीस लागता कामा नये आणि रुग्णाजवळ दिवा, अगरबत्ती, विडी अजिबात नको.

नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात २१ एप्रिल २०२१ रोजी टाकीच्या गळतीने पुरवठा खंडित झाला आणि २० हून अधिक रुग्ण दगावले. पाइपलाइन थांबली तर कुठल्या रुग्णाला आधी सिलिंडर लावायचा, ही यादी प्रत्येक पाळीच्या हँडओव्हरमध्ये हवी. त्याच वर्षी नंदुरबार जिल्ह्याने ‘ऑक्सिजन नर्स’ नेमून सॅच्युरेशन बघून फ्लो कमी-जास्त करण्याचं काम ठरावीक परिचारिकांकडे दिलं. टंचाईत सुचलेली ही व्यवस्था टंचाई संपल्यावरही चालू ठेवण्यासारखी आहे.

सुरू केलेला कधीच न थांबवणं

रुग्ण लक्ष्यात स्थिर असेल तर फ्लो टप्प्याटप्प्याने उतरवा. बहुतेकांना २ लिटरवर आणून बंद करता येतो. कार्बन डायऑक्साइडचा धोका असलेल्यांना १ लिटरवर किंवा २४ टक्क्यांवर आणून. बंद केल्यावर ५ मिनिटं तिथेच थांबून सॅच्युरेशन बघा, एका तासाने पुन्हा बघा, आणि केस पेपरवरची ऑर्डर वेळ टाकून, सही करून बंद करा.

डिस्चार्जच्या दिवशी सॅच्युरेशन कमी आहे म्हणून घाईघाईत घरी कॉन्सन्ट्रेटर घ्यायला लावू नका. कायमच्या घरगुती ऑक्सिजनचा निर्णय आजार निवळल्यावर, काही आठवड्यांनी पुन्हा एबीजी करून घ्यायचा असतो. तेव्हाही पीएओटू (धमनीतल्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब) ५५ किंवा त्याहून कमी राहिला तर तो लागतो, आणि दिवसाला किमान १५ तास लावला तरच उपयोगी पडतो.