शेलमध्ये दशांशांची तुलना : या चुका टाळा

सर्व्हरचा लोड ९.५ च्या वर गेला की इशारा पाठवायचा, एवढंच काम. लोड १०.२५ होतो, इशारा मात्र येत नाही. कारण बॅशच्या (लिनक्सवरचा नेहमीचा शेल, म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्राम) अंकगणिताला फक्त पूर्णांक कळतात.

एकेरी चौकोनी कंसात -जीटी (‘पेक्षा मोठं’) वापरलं, तर पूर्णांक हवा होता अशा अर्थाची एरर येते. पण स्क्रिप्ट थांबत नाही. एक्झिट कोड (० म्हणजे यश, बाकी अपयश) २ मिळतो, इफ तो ‘खोटं’ धरतं आणि एल्सचा भाग चालतो. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारी सोय) एरर /डेव्ह/नलकडे (जिथे गेलेलं सगळं नाहीसं होतं) वळवलेली असेल, तर कुणाला पत्ताही लागत नाही.

> चिन्ह याहून घातक, कारण इथे एररच येत नाही. दुहेरी चौकोनी कंसात ते अक्षरांची तुलना करतं. १ हा ९ च्या आधी, म्हणून १०.२५ लहान ठरतो! चाचणी ५.२ आणि ३.१ वर घेतली असेल, तर सगळं बरोबरच दिसतं. एकेरी कंसात > म्हणजे रिडायरेक्शन (आउटपुट फाइलमध्ये वळवणं) : अट नेहमी खरी, आणि फोल्डरमध्ये ‘९.५’ नावाची रिकामी फाइल. अशी फाइल सापडली की आधी ही ओळ शोधा.

बीसी (दशांश जाणणारा कमांडलाइन कॅल्क्युलेटर) तुलनेचं उत्तर १ किंवा ० असं छापतं, पण त्याचा एक्झिट कोड दोन्ही वेळा ०. म्हणून बीसीकडे हिशेब पाठवणारा पाइप ( | ) थेट इफमध्ये लिहू नका. छापलेलं उत्तर $( ) मध्ये पकडून (( )) मध्ये तपासा. १ई-०५ (म्हणजे ०.००००१) सारखे आकडे बीसीला वाचता येत नाहीत.

आमची पसंती ऑकला (मजकूर आणि आकडे हाताळणारी छोटी भाषा). दोन्ही आकडे -व्ही ने क आणि ख या चलांत द्या आणि बिगिन ब्लॉकमध्ये लिहा : एक्झिट !(क+० > ख+०). उद्गारचिन्ह हवंच, ऑकमध्ये खरं म्हणजे १, शेलमध्ये यश म्हणजे ०. +० मुळे तुलना आकड्यांचीच होते. पण रिकामं चलही गुपचूप ० बनतं, तेव्हा आधी -झेड ने (चल रिकामं आहे का) तपासा.

‘समान आहे का’ हे दशांशांना विचारू नका. ऑकमध्ये ०.१+०.२ हे ०.३ च्या बरोबर येत नाही, फरक ०.०००००१ पेक्षा कमी आहे का ते पाहा. रुपयांचा हिशेब असेल तर सरळ पैशांत करा. मात्र टिंब काढण्यापूर्वी १२.५ चं १२.५० करून घ्या, नाहीतर १२५०ऐवजी १२५ उरतील. ०.०८ चं ००८ झालं की (( )) त्याला अष्टमान (आठच्या पायाची संख्या) समजून एरर देतं. आकड्यापुढे १०# लावा.

आवृत्ती क्रमांक १.१० आणि १.९ हे दशांश नव्हेत. तिथे सॉर्टचा कॅपिटल -व्ही पर्याय वापरा.