निर्यात एकाच गिऱ्हाईकाच्या भरवशावर नको

गोरेगावला माझं टेबल लिननचं छोटं युनिट आहे. टेबलक्लॉथ, नॅपकिन, एप्रन. 27 ऑगस्ट 2025 पासून अमेरिकेनं भारतीय कपड्यांवरचं जादा शुल्क 50 टक्क्यांवर नेलं, तेव्हा ओळखीतले बरेच कारखानदार घाईघाईनं नवा देश शोधायला लागले. माझा आग्रह आहे की आधी आपलं विक्रीचं खातं उघडा.

गेल्या वर्षीची सगळी निर्यात बिलं एका शीटमध्ये घ्या. गिऱ्हाईक, देश, चलन, पैसे किती दिवसांनी आले. मग एकेकाची ओळ झाकून बघा. हा उद्या थांबला तर पगार, गाळ्याचं भाडं आणि बँकेचा हप्ता निघतो का? निघत नसेल तर त्याची पुढची मोठी ऑर्डर घेण्याआधी दुसरा गिऱ्हाईक उभा करा. हातची ऑर्डर सोडणं जिवावर येतं, मला माहीत आहे. तरीही.

नवा देश निवडताना एचएस कोडपासून, म्हणजे कस्टम्ससाठी मालाला दिलेल्या वर्गीकरणाच्या आकड्यापासून, सुरुवात करा. पहिले सहा अंक जगभर सारखे असतात. आमचे नॅपकिन 6302 या कोडात बसतात, एप्रन मात्र अंगावर घालायचे कपडे म्हणून प्रकरण 62 मध्ये, म्हणजे 62 ने सुरू होणाऱ्या कोडात जातो. कापड तेच, मशीन तेच, पण शुल्क वेगळं असू शकतं. यूएईशी आपला व्यापार करार 1 मे 2022 पासून लागू आहे, पण त्यातली शुल्काची सवलत आपोआप मिळत नाही. सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे माल भारतातच बनल्याचा दाखला, लागतो. कापड परदेशातून आणलं असेल तर मूळ देशाची अट पुरी होते का, हे गिऱ्हाईकाला कोटेशन देण्याआधी सीएचएला, म्हणजे कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटला, विचारा. माल न्हावा शेवाला पोचल्यावर विचारून काही उपयोग नाही.

भाव एफओबी, म्हणजे माल जहाजावर चढवून देण्यापर्यंतचा, असला की जहाजभाडं गिऱ्हाईकाचं, म्हणून आपण निर्धास्त राहतो. तिथेच पैसा अडकतो. 2023 च्या अखेरीस लाल समुद्रात हल्ले सुरू झाले आणि युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. ‘माल पोचल्यावर 60 दिवसांनी पैसे’ असं लिहून दिलं असेल, तर त्या वळशाच्या दिवसांचं व्याज तुमच्या कॅश क्रेडिटवर, म्हणजे बँकेच्या खेळत्या कर्जावर, चढतं. मुदत नेहमी बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीच्या, तारखेपासून मोजा आणि ते प्रोफॉर्मा इन्व्हॉइसवरच, म्हणजे ऑर्डरआधी देतो त्या कच्च्या बिलावरच, छापा.

उधारीवर नवा गिऱ्हाईक घेत असाल तर ईसीजीसीचा विमा घ्या; निर्यातीचे पैसे बुडण्याच्या जोखमीचा विमा देणारी ही सरकारी कंपनी. मुख्यालय इथेच, मुंबईत आहे. त्या गिऱ्हाईकाची क्रेडिट लिमिट, म्हणजे त्याच्या किती उधारीला विमा मिळेल ती मर्यादा, मंजूर होऊन हातात आली की मगच कापड कटिंग टेबलावर घ्या.