एपिक्युरस वाचायचाय? मग पहिल्या पानापासून सुरू करू नका

एपिक्युरस हा प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ म्हणजे खा, प्या, ऐश करा असं डोक्यात घेऊन मी वाचायला बसलो होतो आणि अणू न् पोकळी वगैरे सुरू झाल्यावर चार पानांत पुस्तक मिटून ठेवलं. चूक माझी, क्रमच उलटा धरला होता.

या माणसाने लिहिलं ढीगभर, नुसतं 'निसर्गाविषयी' हेच ३७ भागांचं, पण आज अख्खं असं हाताला लागतं ते म्हणजे तीन पत्रं आणि ४० छोटी सूत्रं. सगळं एकाच ठिकाणी, डायोजिनीस लेर्शियसने लिहिलेल्या तत्त्वज्ञांच्या चरित्रांत, १० व्या भागात. (हा तो रांजणात राहणारा डायोजिनीस नाही, हा कितीतरी शतकं नंतरचा.) कुठलाही अनुवाद घ्या, फक्त त्यात परिच्छेदांचे नंबर आहेत ना बघून घ्या, नाहीतर नंतर शोधत बसाल.

आता थेट १२२ वर जा. मेनिसियसला लिहिलेलं पत्र, १३५ ला संपतं, चहा गार व्हायच्या आत वाचून होतं. पहिल्यांदा सरळ वाचून काढा, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. १२७ ला तो इच्छांची वर्गवारी करतो: काही नैसर्गिक आणि गरजेच्या, काही नैसर्गिक पण नसल्या तरी चालतील अशा, आणि काही निव्वळ पोकळ. इथे थांबून स्वतःला गेल्या आठवड्यात काय काय हवं होतं ते समासात लिहा आणि तीन रकाने पाडा, माझा तिसरा रकाना सगळ्यात लांब निघाला, असो. मग १३१ बघा, तिथे तो स्वतःच सांगतो की सुख म्हणजे उधळ्या लोकांची चैन नाही, शरीराला दुखणं नसणं आणि मनाला घोर नसणं. 'सुख' शब्द आला की हाच अर्थ लावायचा, म्हणजे गोंधळ होत नाही. भुकेल्याला भाकरी-पाणीसुद्धा परमसुख देतं हेही तिथंच आहे.

त्यानंतर मागे जाऊन चरित्र वाचा, आता मजा येईल. इ.स.पू. ३४१ मध्ये सामोस बेटावर जन्म, पुढे अथेन्सला बाग घेऊन तिथेच शाळा, आणि शाळेत बायका आणि गुलामसुद्धा. विरोधकांनी त्याच्यावर केलेली चिखलफेकही लेर्शियसने दिलीये, ती वाचताना लगेच विश्वास ठेवू नका, कारण ११ व्या परिच्छेदात हाच 'ऐशबाज' मित्राला लिहितोय की चीजचं एक छोटं मडकं पाठव, म्हणजे मनात येईल तेव्हा मेजवानी करता येईल.

सूत्रं रोज दोनतीनच घ्या, पहिली चार महत्त्वाची (देव, मृत्यू, सुख, वेदना).

हेरोडोटसला लिहिलेलं पत्र शेवटी. हा हेरोडोटस इतिहासकार नव्हे, एपिक्युरसचा शिष्य. अणूंचं सगळं इथे आहे आणि ते खरंच जड आहे, अडलात तर रोमन कवी ल्युक्रिशियसच्या सहा भागांच्या काव्यातले पहिले दोन वाचून परत या, तेच अणू तिथे उन्हाच्या तिरिपेत नाचणाऱ्या धुळीसारखे दिसतात.