घरात दुसरी शाळा भरवू नका: मॉन्टेसरीत जाणाऱ्या लेकरांच्या घरच्यांनी या चुका टाळा

ऑगस्ट लागला की मॉन्टेसरीत, म्हणजे हाताने कामं करत शिकण्याच्या बालवर्गात, लेकरू घातलेल्या घरांतून एक तक्रार हमखास येते: "शेजारच्या पोराला एबीसीडी लिहिता येते, आमचं अजून पाणीच ओततंय." मग घरी पाटी येते, उजळणी सुरू होते, संध्याकाळी आई आणि शनिवारी मामा परीक्षा घेतात. सकाळी वर्गात एक रीत, संध्याकाळी घरात तिच्या उलट. तीन वर्षांच्या लेकराने कुणाचं ऐकावं?

मारिया मॉन्टेसरींनी १९०७ साली रोमच्या सॅन लोरेंझो वस्तीत पहिलं बालगृह उघडलं ते कष्टकरी कुटुंबांच्या इमारतीतच. लेकरू स्वच्छ करून पाठवायचं आणि आईने आठवड्यातून निदान एकदा वर्गाच्या बाईंना भेटून बोलायचं, असा तिथे नियमच होता. घर आणि वर्ग यांनी एकमेकांशी बोलत राहावं ही अपेक्षा या पद्धतीत पहिल्या दिवसापासून आहे. घराने शाळेची नक्कल करावी अशी मात्र नाही. नेमकं इथेच बहुतेक घरांचं चुकतं.

फाटकावर रेंगाळणं, किंवा गुपचूप निसटणं

जूनच्या मध्यात शाळा उघडली की पहिले दोन-तीन आठवडे रडारडीचे असतात. त्यात दोन चुका होतात. एक, आई फाटकाबाहेर थांबते, खिडकीतून डोकावते, लेकरू रडलं की परत आत येते. यातून लेकरू एकच शिकतं: अजून जोरात रडलं की माय येते. दुसरी चूक जास्त नुकसान करते. "तो खेळात रमलाय, आता निघा" म्हणत घरचे पाठीमागून निसटतात. मान वळवली की माणूस गायब होतो हे एकदा कळलं की ते लेकरू पुढचे कित्येक दिवस ताईंचा पदर सोडत नाही. हाताने काम करायला तर मुळीच बसत नाही, कारण त्याची नजर सारखी दाराकडे असते.

निरोप छोटा ठेवा, पण सांगूनच निघा. "मी आता जाते. डबा खाऊन झाला, गाणं म्हटलं की आजोबा न्यायला येतील." "बारा वाजता येते" म्हणून उपयोग नाही, घड्याळ त्याला कळत नाही, दिवसातल्या गोष्टींचा क्रम कळतो. आजोबा येतील म्हटलं तर आजोबांनीच यावं, तेही वेळेवर. पहिला आठवडा तासाभराने न्यायची आणि मग वेळ वाढवत जायची सोय बहुतेक वर्गांत असते. ती मागून घ्या.

तीन आठवड्यांनंतरही रोज पोट दुखत असेल, तर आधी सकाळ तपासा. साडेसातला झोपेतून उचललेलं, उपाशीपोटी मोटारसायकलवर बसवलेलं लेकरू वर्गात पोचेपर्यंतच दमलेलं असतं. उशिराचंही तसंच. मॉन्टेसरी वर्गात सलग तीन तासांच्या आसपास काम चालतं आणि सर्वांत सखोल काम बहुधा दुसऱ्या निम्म्यात होतं. नऊच्या वर्गाला दहाला आलेलं लेकरू इकडेतिकडे फिरून जेमतेम एका कामाला लागतं, तोवर आवराआवर सुरू होते.

पाणी ओतणं म्हणजे टाईमपास समजणं

ओतण्यात मनगट स्थिर होतं, डोळा आणि हात जुळतात, भांडं भरत आलं की थांबायचं हे कळतं. पुढे पेन्सिल धरणारा हात तो हाच. घरी करायचं असेल तर असं करा.

चोच असलेले, कान असलेले दोन छोटे स्टीलचे मग घ्या, पाव लिटरच्या आतले. काठ असलेलं ताट किंवा ट्रे आणि घडी घातलेला एक जुना सुती रुमाल. सुरुवात ज्वारीने करा. एका मगात निम्मीच ज्वारी भरा आणि ज्या हाताने लेकरू जेवतं त्या बाजूला तो ठेवा. लेकराच्या शेजारी बसा, समोर नको. समोरून त्याला सगळं उलटं दिसतं. एकदा सावकाश ओतून दाखवा. हात चालू असताना तोंड बंद ठेवा, नाहीतर ते तुमच्या हाताकडे बघायचं सोडून तोंडाकडे बघतं. शेवटचा दाणा पडेपर्यंत मग तिरपा धरा, सांडलेले दाणे चिमटीने उचलून परत टाका, आणि ट्रे त्याच्यापुढे सरकवा. दाणे सांडायचे थांबले की ज्वारीऐवजी पाणी.

बिघडतं कुठे? गोल तोंडाचा तांब्या दिला की धार अंगावरून ओघळते आणि लेकराला वाटतं आपल्याला जमत नाही. दोष भांड्याचा असतो. प्लॅस्टिकचा पेला हलका, धक्का लागला की कलंडतो. काठोकाठ भरलेलं भांडं मोठ्यांच्या हातूनही सांडतं. जेवणाच्या टेबलावर कोपर खांद्याशी येतं आणि मनगट वळत नाही. जमिनीवर बसवा, ट्रे पाटावर ठेवा. आणि सगळ्यात मोठी चूक: सांडलं की आई धावत येऊन पुसते. पुसणं हा त्याच कामाचा उरलेला अर्धा भाग आहे. फडकं त्याच्या हाताजवळ असू द्या.

टँकरची वाट बघणाऱ्या घरांत "पाण्याशी खेळू नको" असं म्हटलं जातं, आणि ते चूक नाही. पण या कामाला फुलपात्रभर पाणी पुरतं. तेच पाणी दहा वेळा इकडून तिकडे होतं आणि शेवटी तुळशीला जातं. थेंब न सांडता ओतायला शिकलेलं लेकरू पाण्याची किंमत उपदेशाशिवाय शिकतं.

एक इशारा मात्र नीट वाचा. हरभरा, वाटाणा, शेंगदाणा लहानग्यांच्या कामाला वापरू नका. नाकात गेलेला दाणा ओलाव्याने फुगतो, श्वासनलिकेत गेला तर जिवावर बेततं. ज्वारीचं कामसुद्धा मोठं माणूस शेजारी बसलेलं असतानाच.

"हे काय? सांग ना!"

पाहुणे आले की लेकराची तोंडी परीक्षा सुरू होते. नाव शिकवण्याची मॉन्टेसरीतली रीत तीन पायऱ्यांची आहे. घरचे पहिल्या दोन गाळून थेट तिसरीवर उडी मारतात.

ताटलीत ज्वारी, तूर आणि मूग घ्या. एका वेळी तीनच वस्तू, सहज वेगळ्या दिसणाऱ्या. पहिली पायरी नाव देण्याची: "ही तूर." हाताळू द्या, दोन-तीनदा म्हणा, पुढची घ्या. लांबलचक माहिती नको. दुसरी पायरी ओळखण्याची: "तूर माझ्या हातावर ठेव. मूग आजीला दे. ज्वारी वाटीत टाक." हीच सर्वांत लांब चालायला हवी, कारण इथे बोलायची सक्ती नसते आणि नाव कानावर पडत राहतं. तिसरी पायरी: "हे काय?" दुसऱ्या पायरीवर एकदाही अडखळलं नाही, तरच ती.

चुकलं तर "नाही, नीट बघ" म्हणू नका. ताटली आवरा, दुसऱ्या दिवशी पहिल्या पायरीपासून घ्या. एकदा टोकलं की पुढच्या वेळी ते उत्तर द्यायच्या आधी तुमचा चेहरा वाचू लागतं.

हात धरून गिरवून घेणं

वर्गात खरखरीत कागदाची अक्षरं असतात. लेकरू तर्जनी आणि मधलं बोट त्यावरून फिरवतं आणि उच्चार म्हणतं. वळण बोटात बसतं, पेन्सिल नंतर येते. घरी मूठ धरून ओळीच्या ओळी गिरवून घेतल्या की वळण आईच्या हाताने काढलेलं असतं, लेकराच्या नव्हे. शिवाय पेन्सिल दाबून धरायची सवय लागते, ती सुटता सुटत नाही.

इंग्रजी माध्यमाच्या मॉन्टेसरीत तर गोंधळ दुप्पट. वर्गात लहान लिपीतली अक्षरं, तीही उच्चाराने. घरी मोठी कॅपिटल आणि "ए फॉर ॲपल". "एम" म्हणणाऱ्या लेकराला म्हणूनच शब्द जोडता येत नाही, "म्" म्हणणाऱ्याला येतो. ताईंना विचारा, सध्या कोणती तीन अक्षरं चालू आहेत, आणि घरी तेवढीच ठेवा.

घरी करायचंच असेल तर काठाच्या ताटात रव्याचा पातळ थर द्या. तुम्ही बोटाने अक्षर काढा, आधी अंग, शेवटी वरची रेघ. ताट हलवलं की पुसलं. मराठीत घ आणि ध, भ आणि म, ब आणि व या जोड्या एकाच दिवशी घेऊ नका. एक पक्कं झाल्यावर मग दुसरं. मुळाक्षरांचा क्रम या वयात महत्त्वाचा नाही.

मनोरे विकत आणणं

वर्गात एकावर एक रचायच्या गुलाबी मनोऱ्यात दहा ठोकळे असतात, एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत, सगळे एकाच रंगाचे. फरक फक्त आकारमानात, म्हणून लक्ष तिथेच जातं. बाजारातल्या नकलेत प्रत्येक ठोकळा वेगळ्या रंगाचा, वर आकडे आणि प्राण्यांची चित्रं. मूळ हेतूच हरवतो. आणि अस्सल साहित्य घेतलं तरी वर्गातलं काम घरी शिळं होतं. तो पैसा ठेवा. लेकराच्या उंचीला येईल अशी एक खुंटी, खालच्या फळीवर त्याची ताट-वाटी, छोटा केरसुणीचा मुठा, स्वतः उघडता येईल असा डबा आणि नाडीऐवजी इलास्टिकची चड्डी, एवढ्याने जास्त घडतं. झाकण आईलाच जोर लावून उघडावं लागतं तो डबा शाळेत देऊ नका.

मध्येच तोंड घालणं

चात्यांच्या, म्हणजे मोजायच्या लाकडी काड्यांच्या, खोक्यात शून्य ते नऊ असे खण असतात आणि चात्या एकूण पंचेचाळीस. कुठल्याही खणात एक जास्त पडली की शेवटच्या खणात एक कमी पडते. लेकरू थबकतं, भुवया आक्रसतात, मागे जाऊन पुन्हा मोजतं. चूक साहित्यानेच दाखवली, माणसाने नाही. त्या क्षणी "अगं, सहात सात टाकल्यास" म्हणणाऱ्या मोठ्या माणसाने लेकराच्या हातातलं सगळ्यात मोलाचं काम काढून घेतलेलं असतं.

एक ते शंभर घडाघडा म्हणणाऱ्या किती तरी लेकरांना पाच बटाटे आणायला सांगितले की सहा येतात. पाठांतर थांबवा, वस्तू मोजू द्या. "शून्य चमचे आण" म्हटलं की आधी गोंधळतात, मग हसतात, आणि शून्य कायमचं कळतं.

बक्षिसाचंही तेच. दर वेळी चॉकलेट, दर वेळी टाळ्या, की लेकरू कामाकडे न बघता तुमच्याकडे बघतं. "एक दाणाही सांडला नाही" एवढं जे घडलं ते म्हणा.

आजी-आजोबांना वगळणं

बीड, धाराशिव, जालन्याच्या अनेक गावांत दसरा-दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला जातात आणि लेकरं आजीपाशी राहतात. शाळेचा निरोप मात्र आईच्या मोबाईलवर जातो. त्या घराचा पालक तेवढ्या महिन्यांसाठी आजी असते. बैठकीला तिला बोलवा, लिहिलेली चिठ्ठी नको, समोर बसवून करून दाखवा. आजी भरवते, कारण वेळ वाचतो. तिला सांगा: अर्धी भाकरी तू भरव, अर्धी त्याला स्वतः मोडून खाऊ दे.

अशा घरांत खरं तर साहित्याची खाणच असते. तूर निवडणं, लसूण सोलणं, खलबत्त्यात जिरं कुटणं, सूप धरणं. वेळ अमावास्येच्या, म्हणजे शेतातल्या सणाच्या, भज्जीसाठी (मिसळीच्या भाजीसाठी) शेंगा सोलायला घर बसलं की चार-पाच वर्षांच्या लेकरालाही मोठ्यांच्या नजरेखाली वाटा द्या. चिमटीला यापेक्षा चांगला व्यायाम कोणता?

घरात गोरमाटी, दखनी, तेलुगू किंवा कानडी बोलत असतील, तर "घरी मराठीच बोला" असं कोणी सांगितलं तरी ऐकू नका. तूर, मूग, वाटी, परात यांची नावं आजीच्या भाषेत पक्की असली की वर्गातली दुसरी नावं त्यावर सहज बसतात.

ताईंनी टाळायच्या चुका

पालकांना फी आणि गॅदरिंगलाच बोलावणं ही पहिली. बैठक दुपारी तीनला ठेवली की रोजंदारीवरचे, शेतावरचे येणारच नाहीत. मग "पालकांना आस्थाच नाही" हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. संध्याकाळी सहानंतर, गावात बाजाराचा दिवस सोडून ठेवा, आणि वडिलांना नावानिशी निरोप द्या. बैठकीत भाषण नको. पालकांनाच खाली बसवून ओतायला, चात्या मोजायला लावा.

दुसरी चूक, पालकांना वर्गात शिरू न देणं, किंवा अचानक शिरू देणं. निरीक्षणाला एका वेळी एक-दोघेच, वीस ते तीस मिनिटं, कोपऱ्यात ठरलेल्या खुर्चीवर. मोबाईल बंद, फोटो नाही, लेकराला हाक नाही. आलं जवळ तर "मी बघायला बसलेय" एवढंच म्हणायचं. हातात कागद द्या आणि तीन गोष्टी टिपायला सांगा: लेकराने काम स्वतः निवडलं का, किती वेळ त्यात राहिलं, संपल्यावर जागेवर ठेवलं का. शेवटी पाच मिनिटं त्या कागदावरच बोला. पहिल्या भेटीत बहुतेक लेकरं आईला चिकटतात, म्हणून एका भेटीवरून मत बनवू नका. पंधरा दिवसांनी त्याच पालकाला पुन्हा बोलवा.