'डिव्होशन' म्हणजे भक्तीच? या चुका टाळा

इंग्रजी 'डिव्होशन'मध्ये आपला 'देव' बसलाय, असं मला कितीतरी जणांनी छातीठोकपणे सांगितलंय. कानाला ते इतकं पटतं की खोडून काढणं जिवावर येतं. पण देव तिथे नाही. शब्द फोडायचा तो 'डे' अधिक 'वोवेरे' असा. दोन्ही लॅटिन. 'वोवेरे' म्हणजे देवापुढे शब्द देणं, थोडक्यात नवस बोलणं. 'डे'मुळे त्यात स्वतःपासून काढून देऊन टाकण्याची छटा येते. देवाचे खरे नातलग शोधायचे तर 'डिव्हाइन' (दैवी) आणि 'डीटी'कडे (देवता) जावं, ते एकाच जुन्या मुळातून आलेत. 'डेव्हिल' मात्र नाही, तो ग्रीक 'डायाबोलोस'वरून, म्हणजे खोटे आळ घेणाऱ्यावरून आलाय.

नवसाचा हा धागा सुटला की पुढच्या बहुतेक चुका होतात. 'वाउ' (vow, म्हणजे शपथ किंवा नवस) आणि 'व्होट' हेही याच घरातले. मत देणं ही मुळात मनातली इच्छा बोलून दाखवणं होतं.

रोमन लोकांत 'डेवोटिओ' नावाचा एक विधीच होता, आणि तो अंगावर काटा आणणारा आहे. इ.स.पू. ३४० मध्ये व्हेसुव्हियसजवळच्या लढाईत रोमन फळी मागे हटू लागली, तेव्हा सेनापती डेकियस मुस याने पुरोहिताला बोलावलं. इतिहासकार लिव्ही सांगतो, त्याने काठाचा टोगा, म्हणजे रोमन लोकांचं अंगाभोवती गुंडाळायचं वस्त्र, पांघरला, डोकं झाकलं, टोग्याच्या आतून हात काढून हनुवटीला लावला, पायाखाली भाला ठेवला आणि पुरोहित सांगेल तसे शब्द उच्चारले. शत्रूचं सैन्य आणि स्वतःचा जीव, दोन्ही त्याने पाताळातल्या देवांना देऊन टाकले. मग घोड्यावर बसून एकटाच शत्रूच्या गर्दीत शिरला. इ.स.पू. २९५ मध्ये सेंटिनमच्या लढाईत त्याच्या मुलानेही हेच केल्याची नोंद आहे.

म्हणून जुन्या इंग्रजी मजकुरात 'डिव्होटेड' दिसलं की लगेच 'प्रेमळ' किंवा 'निष्ठावान' लिहू नका. तिथे कधीकधी तो 'विनाशाला नेमलेला' असा येतो. अनुवादात हा घोटाळा झाला की अख्ख्या ओळीचा अर्थ उलटतो.

आता सगळ्यात मोठी चूक: दरवेळी 'भक्ती' लिहून मोकळं होणं. भक्ती आली 'भज्' धातूवरून. त्यात वाटून घेणं, वाट्याला येणं, सेवा करणं असं सगळं आहे. 'भाग' आणि 'विभक्ती' तिच्याच बहिणी. एका शब्दाच्या मुळाशी देऊन टाकणं, दुसऱ्याच्या मुळाशी सहभागी होणं. मला हा फरक फार मोलाचा वाटतो. देवाधर्माच्या संदर्भात भक्ती चालते, शोभतेही. पण आजारी वडिलांच्या उशाशी रात्रभर बसणाऱ्या मुलीच्या 'डिव्होशन'ला 'भक्ती' म्हटलं की वाक्य अवघडतं. तिथे 'माया' लिहा, 'जिव्हाळा' लिहा. कामाबद्दल असेल तर 'निष्ठा' किंवा 'वाहून घेणं'. 'तिने संशोधनाला वाहून घेतलं' यात मूळ शब्दातलं देऊन टाकणंही नीट उतरतं. इंग्रजीतही आधी धार्मिक अर्थच आला, माणसांबद्दलच्या ओढीचा अर्थ नंतर जडला.

'डिव्हाउट' आणि 'डिव्होटेड' यांची अदलाबदल तर रोजची. पहिला मुख्यतः धर्मनिष्ठ माणसासाठी, दुसरा कुणालाही. 'डिव्होटेड' नवरा बायकोवर जीव टाकणारा असतो, 'डिव्हाउट' नवरा नेमाने प्रार्थना करणारा. अनेकवचनी 'डिव्होशन्स' दिसलं तर 'भक्त्या' नव्हे, त्याचा अर्थ प्रार्थना, उपासना.

लिहिताना अडतं ते शब्दयोगी जागेवर. मराठीत आपण 'कामाविषयी निष्ठा' म्हणतो, म्हणून इंग्रजीत 'डिव्होशन अबाउट' येतं. तिथे 'टू' हवा. 'डिव्होट'नंतरही तेच: 'डिव्होट टाइम टू रीडिंग' बरोबर, 'टू रीड' चूक. हा 'टू' क्रियापदाचं शेपूट नाही, ज्याला दिलं त्याच्याकडे बोट दाखवतो. नवस कुणाला बोललात, ते तो सांगतो.